गिटार अॅम्पचा आयलेट बोर्ड: व्हल्कनाइज्ड फायबर लेझरने कापताना

व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) जुन्या गिटार अॅम्पमध्ये छापील सर्किट नसायचं. काळ्या, पुठ्ठ्यासारख्या दिसणाऱ्या पट्टीला दोन ओळींत पितळी आयलेट, म्हणजे छोटे पोकळ रिव्हेट, ठोकलेले असायचे आणि रेझिस्टर-कपॅसिटर त्यांच्यावर आडवे टाकून सोल्डर केलेले असायचे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये फेंडर कंपनीने १९५० आणि १९६० च्या दशकांत याच पद्धतीने अॅम्प बांधले. घरी अॅम्प बांधणारे आजही हा बोर्ड पसंत करतात, कारण दुरुस्ती सोपी आणि प्रत्येक जोड डोळ्यांसमोर. बोर्ड हाताने मार्क करून ड्रिल केला की ओळी वाकड्या होतात, म्हणून लेझरचा विचार येतो. लेझरने बोर्ड देखणा निघतो. मात्र लेझर कापत नाही, जाळतो. जळलेल्या कडेवर कार्बन राहतो आणि कार्बनमधून वीज वाहते. तीनशे व्होल्टच्या बोर्डावर ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही. खालची सगळी कृती या एका मुद्द्याभोवती बेतलेली आहे.

आधी माल नीट ओळखा

आपल्याकडे दुकानात नुसतं "फायबर शीट" मागितलं तर पत्र्याच्या शेडवर टाकतात ते एफआरपीचं शीट दाखवतील, किंवा अॅक्रिलिक. "फायबरबोर्ड" म्हटलं तर एमडीएफ. यातलं काहीच चालत नाही. एमडीएफ तर मुळीच नको: लाकडाचे बारीक तंतू आणि रेझिन दाबून बनवलेला तो बोर्ड आयलेट धरून ठेवत नाही आणि पाणी पितो.

हवं ते व्हल्कनाइज्ड फायबर. नाव ऐकून रबराची आठवण होते, पण यात रबर नाही आणि गंधकही नाही. सुती चिंध्यांपासून केलेल्या कागदाचे थर झिंक क्लोराइडच्या द्रावणात भिजवून एकजीव करतात, मग ते क्षार धुऊन काढतात आणि शीट वाळवून दाबतात. थॉमस टेलर यांनी १८५९ मध्ये इंग्लंडमध्ये याचं पेटंट घेतलं होतं. नळाचे लाल फायबर वॉशर पाहिले असतील, तोच हा पदार्थ. मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे याचा पातळ भाऊबंद लेदरॉइड किंवा फिश पेपर या नावाने मिळतो. तो बोर्डाला पातळ पडतो, पण बोर्डाखालच्या इन्सुलेशन पट्टीला उत्तम. मुंबईत लोहार चाळ आणि पुण्यात तपकीर गल्ली या भागांत इलेक्ट्रिकल इन्सुलेशनचा माल ठेवणाऱ्या दुकानांत विचारावं. जाडी २ ते २.४ मि.मी. घ्या. १.५ मि.मी.चा बोर्ड मोठ्या फिल्टर कपॅसिटरच्या वजनाने झुकतो.

हायलम शीट, म्हणजे कागद आणि फिनॉलिक रेझिन, लेझरखाली धरू नका. कडा कोळशासारखी होते आणि फॉर्मल्डिहाइडचा उग्र धूर येतो. काचेच्या कापडाचं हिरवट एफआर४ सीओ२ (कार्बन डायऑक्साइड) लेझरने धड कापलंच जात नाही. हे दोन्ही पदार्थ ड्रिलने करावेत, तिथे ते फायबरपेक्षा सरस आहेत. पीव्हीसीचं शीट तर कुठल्याच लेझरमध्ये घालायचं नाही. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड माणसाच्या फुप्फुसाला आणि मशीनच्या रेल्सना सारखाच खातो. माल काय आहे याची शंका असेल तर तांब्याची तार ज्योतीत लाल करा, शीटच्या तुकड्यावर टेकवा आणि परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत दिसली तर त्यात क्लोरीन आहे, तो तुकडा बाजूला ठेवा. अस्सल फायबरमध्येही झिंक क्लोराइडचा अंश राहिलेला असू शकतो, त्यामुळे अगदी फिकट छटा दिसू शकते. पीव्हीसीचा हिरवा रंग मात्र भडक असतो.

आणखी एक नावाचा घोळ. एमआयडीसीतल्या जॉब शॉपवर "फायबर लेझर" अशी पाटी असते. ते मशीन धातूचा पत्रा कापतं. त्याच्या किरणाचा आपल्या फायबरशी संबंध नाही. आपल्याला अॅक्रिलिक, एमडीएफ आणि लग्नपत्रिका कापणाऱ्याचं सीओ२ मशीन हवं, ज्याच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते. सेल्युलोज ती छान शोषतं. घरगुती निळ्या डायोड लेझरने काळं शीट कापलं जातं, पण अनेक फेऱ्या लागतात आणि प्रत्येक फेरीत कोळसा वाढतो.

आराखडा: ५एफ१ चॅम्प

उदाहरणाला फेंडरच्या छोट्या चॅम्प अॅम्पचं ५एफ१ सर्किट घेऊ. त्यात तीन व्हॉल्व्ह: एक १२एएक्स७, एक ६व्ही६ आणि रेक्टिफायरला ५वाय३. इनपुटचे दोन ६८ किलोओहम आणि १ मेगोहम थेट जॅकवर लावले तर बोर्डावर आडव्या येणाऱ्या वस्तू उरतात त्या अशा: १.५ किलोओहम दोन, १०० किलोओहम दोन, २२० किलोओहम एक, फीडबॅकचा २२ किलोओहम एक, ६व्ही६च्या कॅथोडचा ४७० ओहम एक आणि त्याच्या जोडीचा २५ मायक्रोफॅरड कपॅसिटर, ०.०२२ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचे दोन कपलिंग कपॅसिटर, आणि तीन फिल्टर कपॅसिटर. एकूण १३ स्तंभ, २६ आयलेट. पॉवर सप्लायमधले १० आणि २२ किलोओहम फिल्टरच्या धन टोकांमध्ये लांबीच्या दिशेने बसतात, त्यांना वेगळा स्तंभ नको.

बोर्ड १९० × ६४ मि.मी. आयलेटच्या दोन ओळी वरच्या आणि खालच्या कडेपासून १० मि.मी. आत, म्हणजे ओळींमधलं अंतर ४४ मि.मी. डाव्या कडेपासून पहिला स्तंभ १३ मि.मी.वर, पुढचे दर ११ मि.मी.वर, असे दहा. दहावा ११२वर येतो. फिल्टर जाड असतात, म्हणून ते १३०, १५२ आणि १७४वर. स्क्रूची चार भोकं रुंदीच्या मधोमध, १८.५, ७३.५, १२१ आणि १६३वर, दोन स्तंभांच्या मधल्या मोकळ्या जागेत. तिथून कुठलाही आयलेट २२ मि.मी.च्या आत येत नाही, आणि स्क्रूचं चपटं डोकं फिल्टरच्या गोलाईखाली मावतं. फिल्टर विकत घेण्याआधी त्यांचा व्यास १८ मि.मी.पेक्षा जास्त नाही ना, लांबी ४० मि.मी.च्या आत आहे ना, तेवढं पाहा.

स्तंभांचा क्रम मनाला येईल तसा लावू नका. १०० किलोओहमची दोन्ही टोकं उच्च दाबावर असतात. कपलिंग कपॅसिटरचं एक टोक पुढच्या ग्रिडकडे (व्हॉल्व्हच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाकडे) जातं आणि ग्रिड फार हळवी. या दोघांना शेजारी बसवू नका; मध्ये १.५ किलोओहमचा स्तंभ टाका, त्याचं ग्राउंडचं टोक ग्रिडच्या ओळीत ठेवून. बोर्डातून काही गळती झालीच तर वाटेत आलेला ग्राउंड ती गिळतो.

चित्र इंकस्केपमध्ये किंवा कुठल्याही सीएडीमध्ये काढा. एक जुनी खोड ठाऊक असू द्या: २०१७च्या ०.९२ आवृत्तीपासून इंकस्केप इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरतं. जुनी फाइल नव्यात किंवा जुन्या आयात-प्रोग्रॅममध्ये उघडली की आकार सहा टक्क्यांहून जास्त बदलतो; १९०चा बोर्ड सुमारे २०३ मि.मी. होतो किंवा १७८. म्हणून फाइलमध्ये नेमकी १०० मि.मी.ची एक रेघ वेगळ्या रंगात ठेवा आणि मशीनच्या पडद्यावर तिची लांबी तपासा. भोकं एका रंगात, बाहेरची कड दुसऱ्या रंगात. आधी भोकं, शेवटी कड. उलटं केलं तर सुटा झालेला तुकडा हवेच्या झोताने हलतो आणि भोकांची ओळ तिरपी होते.

भागांची नावं आणि रेघा बोर्डावर लेझरने कोरण्याचा मोह होतोच. कोरीव रेघ म्हणजे एका आयलेटपासून दुसऱ्यापर्यंत आखलेला कार्बनचा रस्ता. नावं हवीच असतील तर वॉर्निशच्या पहिल्या हातावर साध्या पेनाने लिहा.

भोकाचं माप

या बोर्डाला वापरतात त्या आयलेटच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुधा ३ मि.मी.च्या आसपास असतो आणि भोक ३.२ मि.मी.चं लागतं. पण आधी हातातला आयलेट व्हर्नियरने मोजा. चपला-पिशव्यांना लावायचे आयलेट वेगळ्या मापाचे असतात, शिवाय त्यांच्यावरचा रंगीत लेप सोल्डर धरत नाही. कथिलाचा मुलामा दिलेले पितळी घ्या.

आता मुख्य गोष्ट. लेझरने ३.२चं भोक पाडू नका. चित्रात २.३ मि.मी.चा गोल काढा. लेझरची रेघ साधारण ०.२ मि.मी. रुंद असते, त्यामुळे प्रत्यक्षात भोक २.५च्या जवळपास होतं. मग त्यातून ३.२ मि.मी.चा धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल फिरवा. सगळीकडून ०.३ मि.मी.हून जास्त थर निघतो आणि त्याबरोबर कोळसाही जातो. लेझरने जागा अचूक दिली, ड्रिलने भिंत स्वच्छ केली. दोघांकडून आपापलं काम करून घ्यायचं. ड्रिल करताना बोर्डाखाली प्लायचा टाकाऊ तुकडा दाबून धरा, नाहीतर खालच्या बाजूने थर फुटतो. वेग कमी ठेवा. ड्रिल गरम झाला की फायबर पुन्हा करपतं आणि केलेली मेहनत वाया जाते.

कापण्याआधी आणि कापताना

फायबर हवेतलं पाणी शोषतं आणि सोडतं. शीट फुगतं ते रुंदीच्या दिशेने जास्त, धाग्याच्या दिशेने कमी. म्हणून बोर्डाची लांबी धाग्याच्या दिशेने ठेवा. दिशा कळण्यासाठी शीटचा पातळ काप एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती वळतो तीच धाग्याची दिशा. कापण्याच्या आदल्या दिवशी शीट दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून ओव्हनमध्ये ६० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, आणि मशीनपाशी नेईपर्यंत सिलिका जेलसह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. ओलसर शीट कापलं की वाफ होऊन थर सुटतात आणि सुकल्यावर बोर्ड होडीसारखा वळतो.

दोन्ही बाजूंना कागदी मास्किंग टेप लावा. धुराचा तपकिरी चिकट थर टेपवर बसतो आणि टेपबरोबर निघून जातो.

वॉट आणि वेगाचे आकडे एका मशीनचे दुसऱ्याला लागत नाहीत. लेझरची नळी जुनी झाली की तेच मशीनही बदलतं. तरी अंदाज बांधता येतो. व्हल्कनाइज्ड फायबर एमडीएफच्या दीडपटीहून अधिक घन असतं, तेव्हा ४० वॉटच्या मशीनवर ३ मि.मी. एमडीएफ ज्या वेगाने एका फेरीत कापला जातो, त्याच्या दोन तृतीयांश वेगाने २.४ मि.मी.चं फायबर एका फेरीत तुटावं. पण एका फेरीत तोडू नका. वेग वाढवून दोन किंवा तीन फेऱ्या मारा. किरण एका जागी जितका कमी रेंगाळेल तितकी कड कमी करपते. आधी त्याच शीटच्या टाकाऊ भागावर २.१, २.२, २.३, २.४ आणि २.५चे गोल कापा, ड्रिल करून बघा, आणि चाचणीचा तो तुकडा ठेवून द्या. पुढे मेगरच्या (उच्च दाबावर इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरच्या) चाचणीला लागेल.

हवेचा झोत पूर्ण ठेवा. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीवर शीट थेट टेकवलं तर खालून परतलेल्या किरणाने डाग पडतात. चार कोपऱ्यांना खिळ्यांवर किंवा नटांवर ८-१० मि.मी. उचलून ठेवा. फोकस शीटच्या जाडीच्या मध्यावर. मशीन सोडून चहाला जायचं नाही: फायबर सहसा भडकत नाही, आतल्या आत धुमसतं, आणि टेपच्या आड ते दिसतही नाही. कापलेले बारीक तुकडे कागदाच्या कचऱ्यात न टाकता झाकणाच्या डब्यात टाका.

साफ करणं आणि मोजणं

टेप काढा. बाहेरची कड १८० नंबरच्या कोरड्या पॉलिश पेपरने घासा, बोट काळं होणं थांबेपर्यंत. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या कापडाने दोन्ही बाजू पुसा. पाण्याचा थेंबही नको. भोकांतून कापसाची काडी फिरवा. ती काळी निघाली तर ड्रिल परत एकदा.

पुन्हा ६० अंशांवर दोन तास सुकवा, आणि मग मोजा. साधा मल्टिमीटर इथे आंधळा आहे. तो दोन-तीन व्होल्टवर मोजतो आणि ४०-६० मेगोहमच्या पुढे त्याला काही दिसत नाही. आणि आपल्याला धोका आहे तो त्याच्याही पुढे. हिशेब करून पाहा: १२एएक्स७ची प्लेट (उच्च दाबाचं टोक) १५० व्होल्टवर आहे, शेजारच्या ग्रिडला १ मेगोहम ग्राउंडकडे आहे, आणि मधल्या बोर्डाचा रोध १०० मेगोहम आहे. ग्रिडवर दीड व्होल्ट येतो. कॅथोडच्या रेझिस्टरने दिलेला बायसही (ग्रिडचा ठरलेला स्थिर दाब) जेमतेम तेवढाच. म्हणजे बायस पुसला गेला, आवाज फाटला, व्हॉल्यूम फिरवला की खरखर. आणि मल्टिमीटर मात्र "उघडं सर्किट" म्हणतो. १००० मेगोहम असेल तरी ०.१५ व्होल्ट उरतो, व्हॉल्यूमचा पॉट खरखरायला तेवढा पुरतो. ५००० मेगोहमला ३० मिलिव्होल्ट, ते चालतं.

तेव्हा ५०० व्होल्टचा मेगर हवा. वायरमनकडून तासाभरासाठी मिळतो. शेजारच्या दोन भोकांत एम३चे स्क्रू वॉशरसह कसा आणि मेगर लावा. बहुतेक मेगर १ किंवा २ गिगोहमला थांबतात. त्यापुढे मोजायला मेगरच्या वाटेत मल्टिमीटर सिरीजमध्ये घाला, डीसी १००० व्होल्टच्या रेंजवर सुरू करून खाली या. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगोहम असेल तर ५ व्होल्ट दिसले म्हणजे बोर्ड सुमारे १ गिगोहम, १ व्होल्ट म्हणजे ५ गिगोहम, अर्धा व्होल्ट म्हणजे १०. एक व्होल्टच्या खाली असेल तर पास. आयलेट ठोकण्याआधी हे करायचं, कारण नंतर भोकाची भिंत साफ करता येत नाही.

हवामान लक्षात घ्या. मे महिन्यात पुण्यात पास झालेला बोर्ड जुलैत रत्नागिरीत नापास होऊ शकतो. कोरड्या दिवसांत चाचणी करायची असेल तर चाचणीचा तुकडा झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्यासोबत, फडक्याला न टेकवता, रात्रभर ठेवा आणि मग मोजा. आकडा घसरणारच. किती घसरतो त्यावरून वॉर्निशचे हात ठरवा.

वॉर्निश

जुने बोर्ड मेणात बुडवलेले असत. मेण पाणी अडवतं, पण त्यावर धूळ बसते आणि सोल्डरिंगला धूर करतं. आज वाइंडिंगवाल्याकडचं हवेत सुकणारं पारदर्शक इन्सुलेटिंग वॉर्निश त्याहून चांगलं. ते न मिळाल्यास स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, म्हणजे सुताराचं फ्रेंच पॉलिश, चालतं. आयर्न जवळ आला की ते मऊ होतं इतकीच त्याची उणीव. दोन पातळ हात, मध्ये पूर्ण सुकू द्या. भोकांच्या आतून कानातल्या काडीने वॉर्निश लावायचं विसरू नका, कारण पाणी पृष्ठभागापेक्षा कापलेल्या कडेतून जास्त शिरतं. जाड हात देऊन भोक बुजवलं तर आयलेट बसत नाही. ड्रिल नुसता बोटांनी फिरवून मोकळं करा.

वॉर्निशनंतर मेगर पुन्हा. आधीपेक्षा आकडा कमी आला तर वॉर्निशखाली ओल अडकली आहे. परत ओव्हनमध्ये.

आयलेट आणि सोल्डर

आयलेट ठोकताना एक-दोन हलके घाव पुरतात. बोटाने फिरवल्यावर फिरू नये, एवढाच कस. आयलेट सैल राहिला तर भोक मोठं झालंय; घाव वाढवून उपयोग नाही, कड फाटते. २६ आयलेट लागतात तर ३५ घ्या.

आयर्न ६० वॉटचा, टोक ३६० अंशांच्या आसपास, एका आयलेटवर तीन-चार सेकंद. वायर आणि दोन-तीन पाय आधी घालून घ्या आणि एकदाच भरा. पुनःपुन्हा तापवलं की आयलेटभोवती फायबर तपकिरी होतं, आणि तो तपकिरी वलय म्हणजे पुन्हा तोच कोळसा. फ्लक्सचा चिकट थर आयसोप्रोपिलने पुसा. त्यात धूळ आणि ओल अडकते.

बोर्ड चासीत (अॅम्पच्या धातूच्या सांगाड्यात) १० मि.मी.च्या नायलॉन स्पेसरवर बसवा, खाली लेदरॉइडची बिनभोकाची पट्टी. पहिल्या फिल्टरवर २२० किलोओहम २ वॉटचा रेझिस्टर ग्राउंडकडे लावा, म्हणजे बंद केल्यावर चार्ज उतरतो. तरीही हात घालण्याआधी मीटरने मोजायचंच.

अॅम्प चालू झाला, की शेवटची मोजणी. काळा प्रोब क्लिपने चासीला, एक हात खिशात, मीटर डीसी मिलिव्होल्टवर नको तर व्होल्टच्या रेंजवर ठेवून लाल प्रोबचं टोक बोर्डाच्या रिकाम्या पृष्ठभागावर हलकेच टेकवा, ग्रिडच्या आयलेटपासून २-३ मि.मी.वर. काही मिलिव्होल्ट दिसले तर बोर्ड ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर हेअर ड्रायरने तो भाग पाच मिनिटं तापवा आणि पुन्हा मोजा. आकडा उतरला तर दोष ओलीचा: बोर्ड सुकवून वॉर्निशचा आणखी एक हात. आकडा जागचा हलला नाही तर तो कोळसा आहे. मग तो आयलेट काढा, भोक ४ मि.मी.पर्यंत मोठं करा आणि त्या जोडापुरता चासीवर टॅग स्ट्रिप (सोल्डर करायचे कान असलेली पट्टी) लावून घ्या.